मागितले एक, दिले दोन!

शास्त्रीय गणकयंत्रावरील वर्गमुळाची कळ एकच संख्या मागते. घातांकाची कळ दोन संख्या मागते आणि त्या कोणत्या क्रमाने दिल्या यालाही महत्त्व असते. २ चा ३ रा घात ८ होतो, तर ३ चा २ रा घात ९. साइनच्या कळीला एकच संख्या पुरते. पण ती अंशांत आहे की रेडियनमध्ये, हे आधी ठरलेले असावे लागते. ३० अंशांचा साइन ०.५ येतो. तेच यंत्र रेडियनवर ठेवलेले असले तर ३० दाबल्यावर उत्तर येते −०.९८८. यंत्र तक्रार करीत नाही. ते दिलेल्या संख्येवर दिलेली क्रिया करते आणि मोकळे होते.

या तीन साध्या उदाहरणांत एक मोठा विषय दडलेला आहे. कोणत्याही क्रियेला काही माहिती पुरवावी लागते. ती किती, कोणत्या क्रमाने, कोणत्या प्रकारची आणि कोणत्या अर्थाने पुरवायची, हे क्रिया ठरवते. संगणकाच्या परिभाषेत क्रियेला ‘फंक्शन’ आणि तिला पुरवलेल्या माहितीच्या प्रत्येक घटकाला ‘आर्ग्युमेंट’ म्हणतात. मागणी आणि पुरवठा जुळले नाहीत, तर संगणक काम थांबवतो व पडद्यावर संदेश उमटतो. तो इंग्रजीत असतो, लांबलचक असतो आणि त्याच्यासोबत अनोळखी धारिकांची यादीही येते. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथन ही भाषा आहे, त्यामुळे असा पडदा आता वर्गातही दिसू लागला आहे. विद्यार्थी तो पाहून गोंधळतात आणि आज्ञावलीत मन मानेल तसे बदल करू लागतात. वास्तविक तो संदेश म्हणजे प्रयोगातील एक निरीक्षण असते. ते नीट वाचता आले, तर दोष शोधणे हे विज्ञानाच्या पद्धतीचे उत्तम प्रात्यक्षिक ठरते.

क्रियापदाची मागणी

आर्ग्युमेंट ही कल्पना मराठी व्याकरणातून सहज समजावून देता येते. ‘झोपणे’ या क्रियापदाला केवळ कर्ता पुरतो. ‘वाचणे’ याला कर्ता आणि कर्म लागते. ‘सांगणे’ याला आणखी एक कर्म लागते : आजीने नातवाला गोष्ट सांगितली. ‘आजी नातवाला गोष्ट झोपली’ असे कोणी म्हटले, तर शाळकरी मूलही थांबवते. त्या मुलाने व्याकरण शिकलेले नसते, पण ‘झोपणे’ किती शब्द मागते हे त्याला ठाऊक असते. अकर्मक, सकर्मक आणि द्विकर्मक हे भेद म्हणजे क्रियापदाच्या मागणीची मोजणीच आहे.

आता क्रमाचा विचार करू. ‘मांजराने उंदराला पकडले’ आणि ‘उंदराला मांजराने पकडले’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच, कारण कोणाची भूमिका काय हे विभक्तीचा प्रत्यय सांगतो. इंग्रजीत मात्र भूमिका जागेवरून ठरते. मांजर आणि उंदीर यांच्या जागा बदलल्या, की उंदीर मांजराला पकडतो. संगणकाच्या भाषांत या दोन्ही पद्धती असतात. जागेवरून ओळखल्या जाणाऱ्या आर्ग्युमेंटला आपण ‘स्थाननिष्ठ’ म्हणू, आणि नाव लावून दिलेल्या आर्ग्युमेंटला ‘नामनिष्ठ’. नामनिष्ठ आर्ग्युमेंटला जणू प्रत्यय लावलेला असतो. त्याचा क्रम बदलला तरी बिघडत नाही.

मराठीची तिसरी एक लकब येथे उपयोगी पडते. ‘काल शाळेत गेलो’ या वाक्यात कर्ता लिहिलेला नाही, तरी तो आहे. ‘मी’ हा शब्द अध्याहृत आहे. वाक्याच्या घटकांची मोजणी करताना तो धरावा लागतो. पायथनमधील सर्वांत गोंधळात टाकणाऱ्या संदेशाचे कोडे या अध्याहृत कर्त्याने सुटते.

न दिसणारे आर्ग्युमेंट

गीडो व्हान रॉसम यांनी तयार केलेली पायथन ही भाषा १९९१ साली प्रथम प्रसिद्ध झाली. २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून तिच्यात फंक्शनांची नावे देवनागरीतही ठेवता येतात. या लेखातील मराठी नावे म्हणूनच केवळ सोयीची नाहीत. ती प्रत्यक्षात चालतात. आज्ञावलीतील अंक मात्र इंग्रजी पद्धतीनेच लिहावे लागतात. येथे ते देवनागरीत छापले आहेत एवढेच.

जे फंक्शन एखाद्या वस्तूशी जोडलेले असते त्याला ‘मेथड’ म्हणतात. समजा, ‘मीना’ ही विद्यार्थ्याची नोंद असलेली वस्तू आहे आणि तिला गुण नोंदवण्याची मेथड आहे. आपण लिहितो :

मीना.गुण_नोंदव(४५)

कंसात एकच आर्ग्युमेंट आहे. परंतु ही मेथड लिहिताना जर तिच्या कंसात केवळ ‘गुण’ एवढेच लिहिलेले असेल, तर पायथन थांबते आणि सांगते : ‘गुण_नोंदव हे एक स्थाननिष्ठ आर्ग्युमेंट घेते, पण दोन देण्यात आली.’ विद्यार्थी कंसाकडे पुन्हा पुन्हा पाहतो. तेथे एकच संख्या दिसते. मग दुसरे आले कोठून?

दुसरे म्हणजे स्वतः मीना. मेथडला कोणाच्या नोंदीत गुण लिहायचे हे कळायला हवे, म्हणून बिंदूच्या आधीची वस्तू पायथन पहिले आर्ग्युमेंट म्हणून आपणहून पाठवते. वाक्यातील ‘मी’प्रमाणे ती लिहिलेली नसते, पण मोजली जाते. मेथडच्या कंसात तिच्यासाठी पहिली जागा राखून ठेवावी लागते. त्या जागेला ‘सेल्फ’ असे नाव देण्याचा प्रघात आहे. ‘गुण_नोंदव(सेल्फ, गुण)’ असे लिहिले, की मागणी दोन, पुरवठा दोन, तक्रार संपली. ‘एक घेते, दोन दिली’ असा संदेश आला आणि कंसात एकच दिसत असेल, तर प्रथम अध्याहृत वस्तूची आठवण करावी.

फ्रेमवर्क : जे आपल्याला बोलावते

संकेतस्थळ चालवणारी आज्ञावली कोऱ्या पाटीपासून कोणी लिहीत नाही. पत्ता ओळखणे, आलेली विनंती उलगडणे, माहितीसाठ्याशी बोलणे, उत्तर परत पाठवणे ही कामे सर्वत्र सारखीच असतात. ती करणारा तयार सांगाडा म्हणजे फ्रेमवर्क. पायथनमधील जँगो हे त्यातील एक प्रसिद्ध फ्रेमवर्क. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २००३ साली एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी त्याची सुरुवात केली. बातम्यांची पाने तातडीने उभी करण्याची वृत्तपत्राची गरज हे त्याचे मूळ. जुलै २००५ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्याला दिलेले आहे.

साधी आज्ञावली आणि फ्रेमवर्क यांत एक महत्त्वाचा भेद आहे. साध्या आज्ञावलीत आपण इतरांनी लिहिलेली फंक्शने वापरतो, म्हणजे हाक आपण मारतो. फ्रेमवर्कमध्ये आपण आपली फंक्शने लिहून ठेवतो आणि हाक फ्रेमवर्क मारते. शाळेचे उदाहरण घेऊ. शिक्षक वर्गात शिकवत असतात. शिपाई चिठ्ठी घेऊन येतो : ४५ क्रमांकाच्या विद्यार्थ्याचा निकाल हवा आहे. चिठ्ठी कोणी लिहिली, तिच्यात काय काय लिहायचे, हे शिक्षकांनी त्या क्षणी ठरवलेले नसते. ते कार्यालयाच्या नियमाने ठरते. शिक्षकांनी फक्त त्या नमुन्याची चिठ्ठी स्वीकारायला तयार असावे लागते.

म्हणूनच फ्रेमवर्कमधील आर्ग्युमेंटची चूक अधिक चकवते. हाक मारणारी ओळ आपल्या धारिकेत नसतेच. ती फ्रेमवर्कच्या आत, आपण कधी न उघडलेल्या धारिकेत असते.

जँगोचा नियम असा आहे. पत्त्यांच्या यादीत प्रत्येक पत्त्याचा नमुना लिहायचा आणि तो आला की कोणते फंक्शन बोलवायचे ते सांगायचे. फंक्शनला पहिले आर्ग्युमेंट म्हणून नेहमी ‘विनंती’ मिळते. ती स्थाननिष्ठ असते. नमुन्यात जर लिहिले असेल की ‘निकाल’ या शब्दापुढील पूर्णांक घ्यावा आणि त्याला ‘क्रमांक’ हे नाव द्यावे, तर ती संख्या फंक्शनला ‘क्रमांक’ या नावाने मिळते. म्हणजे ती नामनिष्ठ असते. यातून चार प्रकारचे बिघाड संभवतात.

पहिला : नमुन्यात क्रमांक आहे, पण फंक्शन ‘निकाल(विनंती)’ एवढेच मागते. संदेश येतो : ‘क्रमांक हे अनपेक्षित नामनिष्ठ आर्ग्युमेंट मिळाले.’ पुरवठा जास्त, मागणी कमी.

दुसरा : फंक्शन ‘निकाल(विनंती, क्रमांक)’ असे आहे, पण नमुन्यात संख्या घेण्याची सूचनाच नाही. संदेश : ‘एक आवश्यक आर्ग्युमेंट नाही : क्रमांक.’ मागणी जास्त, पुरवठा कमी.

तिसरा बिघाड मनोरंजक आहे. नमुन्यात ‘क्रमांक’ आहे आणि फंक्शन ‘निकाल(विनंती, हजेरी)’ असे आहे. मोजणी दोन्हीकडे जुळते. नाव जुळत नाही. पायथन तक्रार करते ती फक्त ‘क्रमांक’ अनपेक्षित असल्याची. ‘हजेरी’ मिळाले नाही, ही दुसरी अर्धी गोष्ट संदेशात येत नाही, कारण पहिल्याच विसंगतीपाशी यंत्र थांबते. घाईने फंक्शनच्या कंसात ‘क्रमांक’ हे तिसरे नाव वाढवले, तर पुढच्या वेळी संदेश बदलतो : आता ‘हजेरी’ नाही म्हणून तक्रार! विद्यार्थ्याला वाटते, एक दुरुस्त केले तर दुसरे बिघडले. प्रत्यक्षात बिघाड एकच होता आणि तो अजून तसाच आहे.

चौथा : फंक्शनऐवजी मेथड वापरली आणि तिच्या कंसात ‘सेल्फ’ची जागा ठेवायची राहिली. कंसात फक्त ‘विनंती’ आहे, जँगोनेही आपल्या परीने फक्त विनंतीच पाठवली आहे, तरी संदेश म्हणतो, ‘एक घेते, दोन दिली.’ हे आधीचेच कोडे. अध्याहृत वस्तू येथेही मोजली गेली.

घटनास्थळावर नसलेला साक्षीदार

संदेशासोबत येणारी यादी म्हणजे हाकांची साखळी असते : कोणी कोणाला बोलावले, त्याने पुढे कोणाला बोलावले. पायथनमध्ये सर्वांत शेवटची हाक यादीच्या तळाशी असते. म्हणून वाचन खालून वर करावे. सर्वांत खालच्या ओळीत चुकीचा प्रकार आणि तिचे वर्णन असते. आर्ग्युमेंटच्या चुकीचा प्रकार ‘टाइप एरर’ असा लिहिलेला असतो. त्याच ओळीत फंक्शनचे नाव असते. ही ओळ सर्वांत मोलाची.

आता एक बारकावा. मागणी-पुरवठ्याची तपासणी फंक्शनच्या उंबरठ्यावर होते. ती फसली तर फंक्शनमध्ये प्रवेशच होत नाही. त्यामुळे आपल्या फंक्शनमधील एकही ओळ साखळीत दिसत नाही. साखळी हाक मारणाऱ्या ओळीपाशी, म्हणजे फ्रेमवर्कच्या धारिकेत, संपते. त्यावरून फ्रेमवर्कच बिघडले असे समजणे चूक ठरेल. शिपाई चिठ्ठी घेऊन दाराशी उभा आहे आणि चिठ्ठी आत घेतली जात नाही, अशी ती स्थिती आहे.

यातून एक उपयुक्त कसोटी मिळते. साखळीत आपली धारिका कोठेच नसेल, तर दोष बहुधा स्वीकारण्यात आहे : फंक्शनचा कंस किंवा पत्त्याचा नमुना तपासावा. आपली धारिका साखळीत असेल, तर आपण कोणाला तरी हाक मारली आणि ती चुकीच्या पद्धतीने मारली असा संभव अधिक : त्या ओळीतील पुरवठा तपासावा. फंक्शनच्या पहिल्याच ओळीत काही शब्द छापण्याची आज्ञा घालूनही ही परीक्षा करता येते. शब्द उमटले नाहीत, तर दोष उंबरठ्यावरचा. न उमटणे हेदेखील एक निरीक्षणच आहे.

शोधाची रीत

वरील विवेचनावरून शोधाच्या पायऱ्या ठरवता येतात. प्रयोगशाळेत उपकरण बिघडले तर ज्या क्रमाने विचार करतात, तोच हा क्रम आहे.

१. चूक पुन्हा घडवून आणावी. कोणता पत्ता दिला, कोणती कळ दाबली की ती घडते, हे निश्चित करावे. कधी घडते, कधी घडत नाही असे असेल, तर दोन प्रसंगांतील फरक हाच पहिला धागा.

२. संदेश जसाच्या तसा लिहून घ्यावा. ‘काहीतरी एरर येतो’ हे निरीक्षण नव्हे. फंक्शनचे नाव, मागितलेल्यांची संख्या, दिलेल्यांची संख्या आणि नाव असल्यास नाव, ही चार पदे टिपावीत.

३. कागदाचे दोन भाग करून डावीकडे मागणी, उजवीकडे पुरवठा लिहावा. अध्याहृत वस्तूही लिहावी. नामनिष्ठ आर्ग्युमेंटापुढे नाव लिहावे. वरचा तिसरा बिघाड या कागदावर तत्काळ उघड होतो, कारण दोन्ही अर्ध्या गोष्टी शेजारी येतात.

४. पुरवठा प्रत्यक्ष मोजावा. पायथनमध्ये असे फंक्शन लिहिता येते की जे कितीही व कोणतीही आर्ग्युमेंट्स स्वीकारते. एक तारका लावलेले नाव सर्व उरलेली स्थाननिष्ठ, तर दोन तारका लावलेले नाव सर्व उरलेली नामनिष्ठ आर्ग्युमेंट्स गोळा करते. आपल्या फंक्शनच्या जागी तात्पुरते असे फंक्शन ठेवून मिळालेले सारे छापावे. हे म्हणजे परिपथात व्होल्टमीटर लावण्यासारखे आहे. मात्र काम झाल्यावर ते काढावे. ‘आता तक्रार येत नाही ना, मग राहू दे’ असे म्हणून ते तसेच ठेवणे म्हणजे फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्या जागी जाड तार बसवण्यासारखे आहे.

५. एका वेळी एकच बदल करावा आणि तो करण्यापूर्वी काय घडेल याचे भाकीत करावे. भाकीत चुकले तर आपली समजूत चुकली. बदल मागे घेऊन पुन्हा तिसऱ्या पायरीवर यावे.

६. दुरुस्ती झाल्यावर आधी चालणारे इतर भाग अजून चालतात का ते पाहावे. त्याच फंक्शनला आणखी चार ठिकाणांहून हाक मारलेली असू शकते.

चूक की इशारा?

कधी कधी आपण काहीही बदललेले नसते आणि तरीही चूक येते. कारण फ्रेमवर्कची आवृत्ती बदललेली असते. जँगोची २.० ही आवृत्ती डिसेंबर २०१७ मध्ये आली, तेव्हा वर्षानुवर्षे चाललेल्या अनेक आज्ञावल्या ‘ऑन-डिलीट हे आवश्यक आर्ग्युमेंट नाही’ असे सांगून थांबल्या. त्यापूर्वी १.९ या आवृत्तीपासून, म्हणजे डिसेंबर २०१५ पासून, या बदलाची पूर्वसूचना देण्यात येत होती.

या आर्ग्युमेंटचा अर्थ पाहण्यासारखा आहे. समजा माहितीसाठ्यात ‘तुकडी’ आणि ‘विद्यार्थी’ अशा दोन याद्या आहेत आणि प्रत्येक विद्यार्थी एका तुकडीशी जोडलेला आहे. एखादी तुकडी बंद झाली म्हणून तिची नोंद पुसली, तर तिच्यातील विद्यार्थ्यांचे काय करायचे? पूर्वी काहीच सांगितले नाही, तर जँगो त्या विद्यार्थ्यांच्या नोंदीही पुसून टाकत असे. नव्या आवृत्तीने हा निर्णय लिहिणाऱ्याकडे सोपवला. नोंदी पुसाव्यात, की विद्यार्थी असेपर्यंत तुकडी पुसूच देऊ नये, की विद्यार्थी ठेवून तुकडीची जागा रिकामी करावी, हे स्पष्ट सांगावेच लागते. यातील पहिला पर्याय लिहिला की संदेश जातो आणि जुने वर्तन परत येते. पण आपल्या शाळेच्या नोंदींसाठी तो योग्य आहे का, याचा विचार न करता तो लिहिणे म्हणजे प्रश्नपत्रिकेतील प्रश्न न वाचता उत्तर लिहिणे होय. संदेश घालवणे आणि त्यात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रुबी या भाषेतही असेच घडले. २५ डिसेंबर २०२० रोजी आलेल्या ३.० या आवृत्तीत स्थाननिष्ठ आणि नामनिष्ठ आर्ग्युमेंट्स एकमेकांपासून काटेकोरपणे वेगळी करण्यात आली. ‘रुबी ऑन रेल्स’ या फ्रेमवर्कवर चालणाऱ्या जुन्या आज्ञावल्यांत त्यामुळे आर्ग्युमेंटची संख्या चुकल्याचे संदेश दिसू लागले. ‘दिली एक, अपेक्षित शून्य’ अशी त्यांची भाषा असते. शोधाची रीत तीच.

तक्रार न करणारी चूक

आतापर्यंतच्या सर्व चुका बोलक्या होत्या. खरा धोका मुक्या चुकांचा. संख्या जुळते, नाव जुळते, प्रकारही जुळतो. अर्थ मात्र जुळत नाही. रेडियनवर ठेवलेले गणकयंत्र हे त्याचे छोटे रूप. मोठे रूप सप्टेंबर १९९९ मध्ये मंगळाजवळ दिसले.

नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी निघाले होते. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या आवेगाचे आकडे पृथ्वीवरील एक आज्ञावली दुसरीला पुरवीत असे. घेणारी आज्ञावली ते न्यूटन-सेकंदांत आहेत असे धरून चालली होती. देणारी ते पाउंड-सेकंदांत देत होती. एक पाउंड बल म्हणजे सुमारे ४.४५ न्यूटन. संख्येच्या पाठीवर एकक लिहिलेले नसते, त्यामुळे कोणत्याही उंबरठ्यावर तक्रार झाली नाही. मार्ग थोडा थोडा चुकत गेला. मंगळापासून सुमारे २२६ किलोमीटरवरून जाणे अपेक्षित असलेले यान सुमारे ५७ किलोमीटरपर्यंत खाली आले आणि २३ सप्टेंबर १९९९ रोजी त्याच्याशी संपर्क तुटला तो कायमचा.

शाळेच्या संकेतस्थळावर अशी चूक कशी दिसेल? पानावरील चौकटीत शिक्षक गुण भरतात. जँगोला ते मिळतात तेव्हा संख्या म्हणून नव्हे, तर मजकूर म्हणून मिळतात : ‘४५’ म्हणजे ४ आणि ५ ही दोन चिन्हे. रूपांतर करायचे राहिले आणि त्या मजकुरात एखादी संख्या मिळवू पाहिली, तर पायथन तक्रार करते. परंतु मजकुराची मजकुराशी तुलना केली, तर तक्रार करायला जागाच नसते. शब्दकोशातील शब्दांप्रमाणे पहिले चिन्ह आधी पाहिले जाते. १००, ४५ आणि ९ हे गुण मजकूर म्हणून उतरत्या क्रमाने लावले, तर यादी होते ९, ४५, १००. शंभर गुण मिळवणारी मुलगी सर्वांत खाली! पडद्यावर लाल अक्षर एकही नाही. पान सुबक दिसते आणि गुणवत्ता यादी छापून फलकावर लागते.

मुक्या चुकांना बोलके करण्याचे उपाय आहेत. बाहेरून आलेल्या मजकुराचे उंबरठ्यावरच संख्येत रूपांतर करावे आणि ती ० ते १०० मध्ये आहे का ते तपासावे. आर्ग्युमेंटच्या नावातच एकक घालावे. ‘कोन’ यापेक्षा ‘कोन_अंश’ हे नाव बरे. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत फंक्शनच्या कंसात एक सुटी तारका लिहिली, की तिच्यापुढील आर्ग्युमेंट्स नाव लावूनच द्यावी लागतात. जेथे क्रम चुकण्याची भीती असेल तेथे ही सक्ती उपयोगी पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे उदाहरण आज्ञावलीला नेहमी घालून पाहावे. परीक्षेत गणकयंत्र हाती घेताच ३० चा साइन काढून ०.५ येतो का ते पाहणारा विद्यार्थी हेच करीत असतो. गुणवत्ता यादीसाठी ९, ४५ आणि १०० ही तीन संख्यांची परीक्षा पुरेशी आहे.

वर्गात करून पाहण्यासाठी

या खेळाला संगणक लागत नाही. तीन विद्यार्थी फंक्शने होतील : ‘बेरीज’ दोन संख्या मागते; ‘क्षेत्रफळ’ लांबी आणि रुंदी मीटरमध्ये मागते; ‘वेग’ आधी मीटरमध्ये अंतर आणि मग सेकंदांत वेळ मागते. बाकीच्यांनी चिठ्ठ्यांवर संख्या लिहून त्यांना द्याव्यात. मागणी-पुरवठा जुळला नाही, तर फंक्शन झालेल्या विद्यार्थ्याने एवढेच म्हणायचे : ‘मागितले इतके, मिळाले इतके.’ कारण सांगायचे नाही, सूचना करायची नाही. कारण इतरांनी शोधायचे.

दुसऱ्या फेरीत ‘वेग’ला २० आणि १०० असे उलट्या क्रमाने द्यावे. १०० मीटर अंतर २० सेकंदांत कापले तर वेग सेकंदाला ५ मीटर; उलट क्रमाने उत्तर ०.२ येईल आणि फंक्शन काहीच बोलणार नाही. तिसऱ्या फेरीत ‘क्षेत्रफळ’ला सेंटिमीटरमधील संख्या एकक न लिहिता द्याव्यात. मग वर्गाला विचारावे : पहिल्या फेरीतील चूक कोणी पकडली? दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीतील चूक कोणी पकडायला हवी होती? चिठ्ठीत कोणता बदल केला असता तर ती पकडली गेली असती? चिठ्ठीवर ‘अंतर : १०० मीटर’ असे लिहावे, हे उत्तर मुले बहुधा स्वतःच शोधून काढतात. नामनिष्ठ आर्ग्युमेंट आणि एकक या दोन्ही कल्पना तेथे त्यांच्या हाती लागलेल्या असतात.

ज्यांच्याकडे संगणक आहे त्यांच्यासाठी दोन कोडी. एक : मेथडच्या कंसात ‘सेल्फ, विषय, गुण’ अशी तीन नावे आहेत आणि हाक मारताना कंसात एकच आर्ग्युमेंट दिले. संदेशात किती आणि कोणते आर्ग्युमेंट नाही असे येईल? दोन : त्याच मेथडला कंसात तीन आर्ग्युमेंट्स दिली, तर ‘घेते’ आणि ‘दिली’ यांपुढे कोणते आकडे येतील? आधी कागदावर भाकीत लिहावे, मगच कळ दाबावी. पहिल्याचे उत्तर एक, आणि ते म्हणजे ‘गुण’. दुसऱ्याचे उत्तर ‘तीन घेते, चार दिली’. ज्या विद्यार्थ्याचे भाकीत बरोबर आले त्याला अध्याहृत कर्ता कळला. ज्याचे चुकले त्याने मागणी-पुरवठ्याचा कागद पुन्हा मांडावा.